कैतानचा आगमनकाळ

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. आमच्या देवळाच्या घंटेची शपथ. मी स्वतः तिथे होतो आणि सगळं माझ्या डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे, त्या वर्षी मी अजून जन्मायचा होतो. पण आमच्याकडे न जन्मलेल्यांनाही गावातलं सगळं कळतं. शिवाय ज्याने मला ही सांगितली तो कधी खोटं बोलत नसे. बोलायचा, पण ते फक्त जाळ्यात किती मासे आले त्याबद्दल.

तर, एका गावात एक भोळा कैतान होता. गाव वसईकडचं, केळीच्या वाड्यांमधलं. नाव सांगत नाही, तिथले लोक वाचतात. कैतान लहान नव्हता. चांगला मिशीवाला गडी होता. केळीचे दोन लोंगर दोन खांद्यांवर टाकून शीळ घालत चालायचा. आणि त्याची स्मरणशक्ती उत्तम होती. एकदा सांगितलेलं तो कधी विसरायचा नाही. सगळा घोटाळा तिथेच होता.

घरात तो आणि त्याची आई, नातालबाय. बाई नाताळच्या दिवशी जन्मली म्हणून नातालबाय. त्या पावसाळ्यात ती विहिरीवर घसरली आणि गुडघा धरून बसली. तेव्हापासून चुलीपासून ओट्यापर्यंत, ओट्यापासून चुलीपर्यंत, एवढंच तिचं जग.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, अंगणात नाताळचा गोठा करतात. मारिया, योसेफ, गाय, गाढव, मेंढपाळ, सगळे आपापल्या जागी उभे असतात. मधली गव्हाण मात्र रिकामी. नाताळच्या मिस्सेच्या प्रार्थनेला बाळ येशूची मूर्ती देवळातून मिरवत आणायची आणि गव्हाणीत ठेवायची. ठेवली की घंटा वाजते. मग सगळे रांगेने बाळाच्या पायाचा मुका घेतात. बाळ कोणी न्यायचं, तर दर वर्षी एका घराने. पाळी गावभर फिरते. एकदा येऊन गेली की त्या माणसाच्या हयातीत पुन्हा येत नाही.

त्या वर्षी पाळी होती नातालबायची. नवी नवरी होऊन गावात आली तेव्हापासून ती या पाळीची वाट पाहत होती. आणि पाळी आली तेव्हा गुडघा गेला. म्हणजे बाळ नेणार कैतान.

"कैतान?" इनास मास्तर म्हणाले. हे देवळाच्या मंडळाचे म्होरके. "फादर, तो बाळाला नारळ समजून वाटेत सोलेल! यंदा आमच्या घरी द्या. पुढची पाळी आमचीच आहे."

फादर जोकीम भला माणूस. म्हणाले, "या रविवारपासून आगमनकाळ सुरू होतोय, नाताळाआधीचे चार रविवार. नाताळपर्यंत कैतान नीट वागला तर बाळ तोच नेईल. नाही वागला तर तुम्ही."

नातालबायने कैतानला पुढ्यात बसवलं. "कैतू, फादर सांगतील तसं कर. मी सांगेन तसं कर. स्वतःचं डोकं लावू नको."

"बरं, आय. लक्षात ठेवतो."

आणि त्याने लक्षात ठेवलं.

पहिल्या रविवारी फादरांनी वेदीपाशी हिरव्या पाल्याचं कडं ठेवलं. त्यात चार मेणबत्त्या. तीन जांभळ्या, एक गुलाबी. कैतानला म्हणाले, "जा, पेटव." कैतानने चारही पेटवल्या.

"अरे, अरे! एकच!"

"बाकीच्यांना वाईट वाटेल, फादर."

"वाटू दे. सगळं एकदम नसतं करायचं. एका आठवड्याला एक. आज पहिली, पुढच्या रविवारी दुसरी. गुलाबी तिसऱ्या रविवारी. घाई करायची नाही. वाट पाहण्यातच गोडी आहे."

"बरं, फादर. लक्षात ठेवतो."

त्याच संध्याकाळी मंडळाची माणसं नातालबायच्या घरी आली. म्हटलं, कैतान कसा काय आहे ते जरा बघू या. ओट्यावर फादर बसले. त्यांच्या शेजारी गोठा सजवणारी मार्थाआक्का. तिच्या शेजारी गुलाबी शर्ट घालून इनास मास्तर. आणि टोकाला मंडळातले एक म्हातारे, ज्यांचं नाव कोणालाच आठवत नसे. नातालबायने चुलीपाशी बसून चहा ओतला. कैतान ट्रे घेऊन आला. एक कप फादरांना दिला आणि बाकीचे घेऊन परत निघाला.

"ए, आमचा चहा?" मार्थाआक्का म्हणाली.

"तुमचा पुढच्या रविवारी, आक्का. एका आठवड्याला एक."

"आणि माझा?" मास्तरांनी विचारलं.

कैतानने त्यांच्या शर्टाकडे पाहिलं. "तुमचा तिसऱ्या रविवारी. गुलाबी तिसऱ्याच रविवारी असतं."

"मग मी चौथ्याला येऊ?" म्हातारे म्हणाले.

"या. घाई नाही. वाट पाहण्यातच गोडी आहे."

म्हातारे खरंच चौथ्या रविवारी आले आणि चहा पिऊन गेले. मास्तर मात्र तिथेच उठून उभे राहिले. "बघितलंत, फादर?" पण फादरांना चहा मिळाला होता. चहा मिळालेला माणूस पटकन माफ करतो.

सगळे गेल्यावर नातालबायने कपाळाला हात लावला. "मेल्या, दारात आलेल्याला कोणी कोरडं परत पाठवतं? जो येईल त्याला आत घ्यावं. ऊन पाण्याने पाय धुवावे. बसायला द्यावं. घरात असेल नसेल ते खायला घालावं. कोण जाणे कोणाच्या रूपात कोण येईल!"

"बरं, आय. लक्षात ठेवतो."

दुसऱ्या रविवारी फादरांनी शास्त्रातून वाचलं की प्रभूची वाट तयार करा, दऱ्या भरून काढा, डोंगर सपाट करा. त्यानंतर मार्थाआक्काने कागद आणि माती लावून केलेल्या गोठ्यातल्या डोंगरांचं काय झालं, ते मी सांगत नाही. गोष्ट लांबेल. एवढंच सांगतो की वाचलं फादरांनीच होतं, म्हणून त्यांना कैतानला काही बोलता आलं नाही. आक्काने डोंगर पुन्हा केले. पहिल्यापेक्षा बुटके.

पण आक्काचा खरा जीव होता नाचणीवर. गोठ्यात हिरवंगार गवत दिसावं म्हणून आधीपासून परातींत नाचणी पेरतात. ती वीतभर उगवली की गव्हाणीभोवती मांडतात. नातालबायच्या अंगणात ऊन चांगलं, म्हणून आक्काने पराती तिथे ठेवल्या होत्या. नाचणी अशी आली होती की डोळ्यांना गारवा वाटावा.

त्याच आठवड्यात एका दुपारी इनास मास्तरांची बकरी दावं तोडून आली. नातालबायच्या दारात उभी राहिली आणि बें करून ओरडली.

कैतान लगबगीने उठला. "या, या. आत या."

त्याने ऊन पाणी काढलं. बकरीचे पाय धुतले. चारही धुतले, नाहीतर बाकीच्यांना वाईट वाटलं असतं. मग चटई अंथरली. मग काय खाणार म्हणून विचारलं. बकरीने तोंडाने सांगितलं नाही, पण परातींकडे पाहिलं.

मार्थाआक्का आली तेव्हा पराती हजामत केल्यासारख्या झाल्या होत्या. बकरी चटईवर बसून रवंथ करत होती.

"माझी नाचणी!"

"पाहुणीने खाल्ली, आक्का. अजून वाढू का विचारलं, तर नको म्हणाली."

"पाहुणी? कैतान्या! अरे, गोठ्याच्या वस्तूंपाशी कोणी तोंड घालायला आलं तर काठी घ्यावी आणि हाकलून द्यावं! कुंपणाच्या पार हाकलावं! ते कितीही गरीब चेहऱ्याने बघो, दया दाखवायची नाही!"

"बरं, आक्का. लक्षात ठेवतो."

खरं म्हणजे कैतानची पाळी तिथेच गेली असती. पण बकरी मास्तरांची होती, त्यामुळे मास्तर गप्प बसले. नाचणी पुन्हा पेरायला वेळ नव्हता. गोठ्यात पेंढा आला. आणि राखणीला, काठी घेऊन, कैतान आपण होऊन उभा राहिला.

तिसऱ्या रविवारनंतर आमच्याकडे पापनिवेदनाचा दिवस असतो. नाताळाआधी सगळ्यांनी आपापली पापं सांगून मोकळं व्हायचं. आपल्या फादरांना सांगायला लोक लाजतात, ते रोज भेटतात ना. म्हणून शेजारच्या गावातले फादर येतात. त्या वर्षी फादर बेनेदिक्त आले. म्हातारे, कमी दिसणारे, आणि छातीपर्यंत पांढरी दाढी. लवकर आले होते, म्हणून आधी गोठ्यापाशी गेले. नीट दिसेना तेव्हा वाकले. वाकून आत पेंढ्यापर्यंत तोंड नेलं.

"हाऽऽड!"

फादर दचकले. "बाळा, मी—"

कैतानने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा फार गरीब होता. दया दाखवायची नाही, त्याला आठवलं. त्याने काठी उगारली. फादर बेनेदिक्त पुढे, कैतान मागे. आक्काने कुंपणाच्या पार सांगितलं होतं, कुठलं कुंपण ते सांगितलं नव्हतं. म्हणून कैतानने खात्रीसाठी वाटेतली सगळीच कुंपणं पार करवली. फादर बेनेदिक्त थांबले ते थेट आपल्या गावात.

इकडे देवळात लोक रांगेत पापं घेऊन उभे. शेवटी सगळं फादर जोकीमना एकट्याने ऐकावं लागलं. दिवेलागण झाली तरी संपेना. काही जणांकडे बरीच होती.

"कैतान," फादर थकून म्हणाले, "ते फादर होते."

"दाढी होती, फादर."

"मग?"

"आधीच्या पाहुणीलाही होती."

इनास मास्तर ओरडले, "आता तरी पुरे! बाळ आमच्याकडे द्या. मी नवा शर्ट शिवून घेतलाय." कुठला रंग, ते विचारू नका. सगळ्यांना वाटलं, झालं, गेली नातालबायची पाळी. पण दुसऱ्या दिवशी फादर बेनेदिक्तचा निरोप आला. त्या मुलाला रागावू नका, इतका मी तरुणपणीही पळालो नव्हतो, रात्री फार दिवसांनी गाढ झोप लागली.

फादर जोकीमनी कैतानला समोर उभं केलं. "ही शेवटची संधी. आता एक चूक झाली की बाळ मास्तरांचं."

त्या संध्याकाळी नातालबाय करंज्या भरत बसली आणि मधूनच पदराने डोळे टिपत राहिली. मग म्हणाली, "कैतू, मला काही तिथे येता यायचं नाही. पण घंटा इथे ऐकू येते. तू बाळ ठेवलंस की घंटा वाजेल. मी समजेन, पोचलं बाळ. एवढं एक नीट कर रे. मग आयुष्यभर काही मागणार नाही."

"बरं, आय. लक्षात ठेवतो."

चौथ्या रविवारी फादर जोकीम फार सुंदर बोलले. म्हणाले, "बेथलेहेमात त्या दिवशी घरं नव्हती का? होती. दारं नव्हती का? होती. पण एकानेही बाळाला आत घेतलं नाही. म्हणून त्या लेकराला जनावरांच्या गोठ्यात राहावं लागलं. केवढी लाजिरवाणी गोष्ट! लोकहो, आपण तरी तसं करू नका. यंदा त्याला थंडीत बाहेर ठेवू नका. आपल्या घरी न्या!"

बायकांनी डोळ्यांना पदर लावला. मास्तरांनीही रुमाल काढला. सगळ्यांनी माना डोलावल्या, घरी गेले, जेवले आणि विसरले.

कैतानने लक्षात ठेवलं.

नाताळची मिस्सा आमच्या गावात तेव्हा दिवेलागणीनंतर लगेच व्हायची, कारण उशिरा ठेवली की मंडळातले म्हातारे बाकावरच घोरायचे. देऊळ भरलं होतं. फादरांनी बाळ कैतानच्या हातात दिलं. लाकडाची जुनी मूर्ती. मुके घेऊन घेऊन पायाचा रंग उडालेला. कैतानने बाळाला असं धरलं, जसं कोणी आपलं पहिलं मूल धरतं. पायरी उतरला, अडखळला नाही. मास्तर अगदी मागोमाग होते, हात पुढे करून. पण बाळ काही पडेना.

मिरवणूक अंगणात आली. पुढे कैतान, मागे फादर, मागे सगळं गाव. हातात मेणबत्त्या, सोबतीला बँड. घंटेवाला दोरी धरून तयार.

गोठा आला. कैतानने गोठ्याकडे पाहिलं. पेंढा होता. वारा होता. गाय होती, गाढव होतं. कैतानने मान हलवली आणि पुढे निघाला.

"डावीकडे!" मास्तर ओरडले. "अरे, गोठा डावीकडे!" पण बँडवाल्यांना वर्षातून एकदाच वाजवायला मिळायचं. ते कोणाचं ऐकत नव्हते. आणि बाळ जिकडे जाईल तिकडे मिरवणूक जाते, ही आमची रीतच आहे. कैतान फाटकातून बाहेर पडला. गावही गात गात बाहेर पडलं. केळीच्या वाड्यांमधून मेणबत्त्यांची ओळ निघाली. घंटेवाला दोरी धरून तसाच उभा.

तिकडे नातालबाय ओट्यावर कान देऊन बसली होती. गाणं ऐकू आलं. आता वाजेल, तिला वाटलं. घंटा वाजेना. आता तरी वाजेल. वाजेना. तिने हातातली जपमाळ खाली ठेवली. घातलाच मेल्याने घोळ, ती म्हणाली.

मग तिच्या लक्षात आलं की गाणं जवळ येतंय.

"आय," दारातून कैतान म्हणाला, "ऊन पाणी आहे का? पाहुणे आलेत."

नातालबायने पाहिलं आणि जपमाळ पुन्हा उचलली. "मेल्या! हे काय करून बसलास? याला गोठ्यात ठेवायचं होतं!"

"तिकडे वारा आहे, आय. आपल्या घरात जागा आहे की."

"सगळ्या गावाने माझी पाळी— अरे, त्याला नीट धर! डोकं सांभाळ! दे इकडे!"

कैतानने बाळ तिच्या मांडीवर दिलं. मग परातीत ऊन पाणी आणलं आणि त्या रंग उडालेल्या पायांवरून हात फिरवला. शेजारी बशीत एक करंजी ठेवली. नातालबाय ओरडायची थांबली. तिने बाळाच्या पायाचा मुका घेतला आणि अंगावर आपला पदर ओढला. आणि बाळ हसलं.

तेवढ्यात धापा टाकत फादर ओट्याशी पोचले. मागे सगळं गाव.

"कैतान! बाळ गोठ्यात ठेवायचं असतं!"

"फादर, तुम्हीच म्हणालात, बाहेर ठेवू नका. लाजिरवाणी गोष्ट आहे म्हणालात."

फादरांनी मागे गावाकडे पाहिलं. गाव मेणबत्त्यांकडे पाहू लागलं. इतकं सुंदर बोलल्याचा पश्चात्ताप झालेला पाद्री मी दुसरा पाहिला नाही.

"बरं," ते शेवटी म्हणाले. "यंदा इथेच. चला, सगळे रांगेने या आणि बाळाच्या पायाचा मुका घ्या." आणि पहिला मुका आपण घ्यावा म्हणून त्यांनी उंबऱ्यावर पाय ठेवला.

कैतानने दारामागची काठी घेऊन आडवी धरली.

"काय झालं?"

"आय पहिली झाली, फादर. तुम्ही पुढच्या रविवारी."

"काय?"

"सगळं एकदम नसतं करायचं. एका आठवड्याला एक. घाई नाही."

रांगेत कुजबुज सुरू झाली. गुलाबी शर्टातले मास्तर पुढे घुसले, तर कैतान त्यांना म्हणाला, "तुम्ही नेहमीप्रमाणे तिसरे." तेवढ्यात सगळ्यांच्या पायांमधून वाट काढत मास्तरांची बकरी आली आणि परातीकडे पाहू लागली. कैतानने तिला प्रेमाने मागे वळवलं. "तुझं मागेच झालं."

फादर काय करणार? वाट पाहण्यातच गोडी आहे, हे कोणी म्हटलं होतं? ते पायरीवर बसले. कैतानने त्यांना चहा आणून दिला.

आता एक कबूल करतो. बाळ हसलं, हे माझ्या पदरचं आहे. लाकडाचं बाळ कसं हसेल? हसली ती नातालबाय. पण तिने मला बजावून ठेवलं होतं की, गोष्टीत मला हसवू नको, गुडघा एवढा दुखत असताना हसली म्हटल्यावर लोक म्हणतील, ढोंग करते. म्हणून मी ते हसू उचलून बाळाच्या तोंडावर ठेवलं. तेवढंच एक खोटं.

बाकी सगळं खरं. घंटेवाला अजून दोरी धरून उभा आहे. नातालबायच्या दारात अजून रांग आहे, दर रविवारी एक जण आत जातो. आमच्या घराचा नंबर यायला बराच अवकाश आहे. मी गुलाबी शर्ट शिवून ठेवलाय.